फार्मसी रेसिडेंट लाडावलेत म्हणे!

दरवर्षी जुलैच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या रुग्णालयांत नवे फार्मसी रेसिडेंट, म्हणजे पदवीनंतर रुग्णालयात प्रशिक्षण घेणारे फार्मासिस्ट, रुजू होतात, आणि त्यांच्या पाठोपाठ त्यांच्याविषयीची जुनी तक्रारही रुजू होते. ही पोरं मुलाखतीला येतात तीच मुळी प्रश्नांची यादी घेऊन. शनिवार-रविवारच्या पाळ्या किती? प्रिसेप्टर, म्हणजे मार्गदर्शक फार्मासिस्ट, रोज किती वेळ देणार? मागच्या वर्षीचे रेसिडेंट आता कुठे नोकरी करतात? आमच्या वेळी असलं काही विचारायची छाती नव्हती, पदरात पडेल ते पवित्र मानून खाली मान घालून काम करायचो. आता रेसिडेंटना काय मोलाचं वाटतं याची सर्वेक्षणं होतात आणि त्या उत्तरांप्रमाणे कार्यक्रम वाकवले जातात. शिक्षण राहिलं बाजूला, पाहुणचार सुरू झाला!

हा सूर लावणारे काही ऐरेगैरे नाहीत. त्यांतले कित्येक आपल्या कामात तरबेज आहेत, रात्री-अपरात्री अतिदक्षता विभागात उभं राहून शिकलेले आहेत. म्हणून तर त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेता येत नाही. ते मराठीत खोडून काढण्याची गरज अशी की हाच सूर आता आपल्याकडच्या फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) इंटर्नबद्दलही लागू लागला आहे, आणि तोही अमेरिकेत निदान कागदावर असलेली व्यवस्था आपल्याकडे नसताना. रेसिडेंट ज्या गोष्टींना किंमत देतात त्यांना हे लोक प्रशिक्षणाच्या जोडीला मागितलेल्या सवलती समजतात. माझ्या मते त्यांतल्या बहुतेक गोष्टी म्हणजेच प्रशिक्षण. त्या काढून घेतल्या तर मागे उरते ती कमी पगाराची नोकरी.

आधी पैशाचं पाहू, कारण पहिला टोमणा तोच असतो. अमेरिकेत फार्म.डी. पदवी आणि नॅपलेक्ससह परवान्याच्या परीक्षा पार केलेल्या माणसाला परवाना मिळतो आणि तो दुसऱ्या दिवसापासून पूर्ण पगारावर काम करू शकतो. तिथल्या सरकारी आकडेवारीनुसार मे २०२३ मध्ये फार्मासिस्टचा मध्यक वार्षिक पगार १,३६,०३० डॉलर होता. रेसिडेंटच्या हाती पडतात साधारण पन्नास हजारांच्या आसपास. डोक्यावर शिक्षणाचं कर्ज, आणि कर्ज काढून शिकलेल्यांत ते सरासरी दीड लाख डॉलरच्या पुढे असतं. म्हणजे एका वर्षासाठी ऐंशी हजारांवर पाणी सोडून हा माणूस वॉर्डात उभा राहायला आला आहे. कायद्याने तशी सक्तीही नाही. थेट रुग्णसेवा करणाऱ्या फार्मासिस्टने २०२० पर्यंत रेसिडेन्सी केलेली असावी, अशी भूमिका तिथल्या व्यावसायिक संघटनांनी घेतली होती, पण ती परवान्याच्या अटींत उतरली नाही. पैशामागे धावणारा माणूस ही वाट धरत नाही.

यावर उत्तर येतं की रुग्णालयातल्या चांगल्या जागा रेसिडेन्सीशिवाय मिळत नाहीत, तेव्हा हा त्याग कसला, ही तर गुंतवणूक. मान्य. मग गुंतवणूक करणाऱ्याने बदल्यात काय मिळणार हे विचारलं तर त्यात उद्धटपणा कुठे आला?

आता त्यांच्या यादीतला सगळ्यात वरचा प्रश्न घ्या : प्रिसेप्टर किती वेळ देतो. टीकाकारांच्या कानाला हा हात धरून चालवण्याचा हट्ट वाटतो. पण हे काम प्रत्यक्षात चालतं कसं ते पाहा. एखाद्या रुग्णाला व्हॅन्कोमायसिन हे प्रतिजैविक सुरू आहे आणि त्याची किडनी हळूहळू ढासळते आहे. पूर्वी पुढच्या डोसच्या आधीची रक्तातली पातळी पंधरा ते वीसमध्ये ठेवायची, एवढं पाठ असलं की भागायचं. २०२० च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी एमआरएसए या चिवट जिवाणूच्या गंभीर संसर्गात तो हिशेब बदलला. आता चोवीस तासांतलं एकूण औषधसान्निध्य, एयूसी, ४०० ते ६०० मध्ये ठेवायचं असतं. संगणक तो आकडा अर्ध्या मिनिटात काढून देतो आणि रेसिडेंट तो नोंदवून पुढच्या रुग्णाकडे जाऊ शकतो. जवळ प्रिसेप्टर असेल तर तो विचारतो : क्रिएटिनिन कालपासून चढतंय, मग हा आकडा स्थिर अवस्थेतला धरायचा का? रक्त नेमकं किती वाजता घेतलं? त्याआधीचा डोस उशिरा गेला होता का, नर्सला विचारलंस? आणि मुळात हे औषध अजून लागतंय का? एवढ्या विचारपुशीला दहा मिनिटं जातात. ती दहा मिनिटं मिळालेला आणि न मिळालेला, दोघंही वर्षाअखेरीस त्याच प्रमाणपत्रावर सही घेऊन बाहेर पडतात. फरक कळतो तो पुढे, आणि तो रुग्णाला कळतो.

रेसिडेन्सींना मान्यता देणारी अमेरिकेतली संघटना, एएसएचपी, प्रिसेप्टरच्या चार भूमिका सांगते. आपल्या भाषेत सांगायचं तर समजावून सांगणं, करून दाखवणं, सोबत राहून करवून घेणं आणि शेवटी बाजूला सरून करू देणं. ही शेवटची पायरी सगळ्यात अवघड. शिकणारा चुकणार की सावरणार हे पाहत गप्प उभं राहावं लागतं आणि वेळेवर हातही घालावा लागतो. चारही भूमिकांना माणूस लागतो आणि त्या माणसाच्या दिवसात मोकळी जागा लागते. प्रिसेप्टरच्या वेळेविषयी विचारणारा रेसिडेंट मान्यतेच्या निकषातलीच गोष्ट विचारतो आहे. ज्यांच्याकडे याचं उत्तर नसतं त्यांना प्रश्न आगाऊ वाटतो, हे ओघानं आलंच.

राउंडवर जाण्याचा आग्रहही असाच मिरवण्याच्या खात्यात टाकला जातो. डॉक्टरांच्या घोळक्यात पांढरा कोट घालून फिरायला मिळतं, म्हणून म्हणे. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या अतिदक्षता विभागात फार्मासिस्टला सकाळच्या राउंडवर सामील करून घेतलं तेव्हा काय झालं, हे ल्यूसियन लीप आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलं. औषध लिहिण्याच्या टप्प्यावरच्या टाळता येण्याजोग्या दुष्परिणामांचं प्रमाण हजार रुग्णदिवसांमागे १०.४ वरून ३.५ वर आलं, म्हणजे ६६ टक्क्यांनी घटलं. फार्मासिस्टने केलेल्या ३६६ सूचनांपैकी ३६२ डॉक्टरांनी मान्य केल्या. मला यात घटीपेक्षा हा दुसरा आकडा बोलका वाटतो. ऑर्डर लिहून झाल्यावर तळघरातल्या फार्मसीतून फोन करणाऱ्याचं म्हणणं इतक्या सहज कुणी ऐकून घेत नाही. निर्णय होत असताना तिथे असणं, योग्य क्षणी तोंड उघडणं, रागीट सर्जनसमोर न अडखळता कारण सांगणं हे पुस्तकात मिळत नाही. रेसिडेंटला नेमकं तेच हवं असतं.

आणि 'आमच्या काळी' म्हणणाऱ्यांना त्यांच्याच व्यवसायाचा इतिहास आठवायला हवा. १९२७ साली हार्वे व्हिटनी यांनी मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात फार्मासिस्टसाठी इंटर्नशिप सुरू केली. रुग्णालयातलं काम दुकानात शिकता येत नाही, हे त्यांना दिसलं होतं. १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयात नवव्या मजल्यावर फार्मासिस्टना थेट वॉर्डातच बसवण्याचा प्रयोग झाला आणि क्लिनिकल फार्मसी आज ज्या रूपात आपण ओळखतो ती बरीचशी तिथून पुढे आली. ही मंडळी काउंटरच्या मागे खाली मान घालून बसली असती तर आजच्या टीकाकारांना अभिमान वाटावा असं काही उरलंच नसतं. अधिक चांगलं काम मागण्याची खोड या व्यवसायाला जन्मापासून आहे.

मग तक्रारीचं खरं मूळ कशात आहे? माझ्या मते स्टाफिंगमध्ये. बहुतेक रेसिडेन्सींमध्ये रेसिडेंटला दर दुसऱ्या किंवा तिसऱ्या शनिवार-रविवारी फार्मसीत नेहमीच्या फार्मासिस्टसारखी पाळी करावी लागते : ऑर्डर तपासायच्या, सलाइनच्या पिशव्या पडताळायच्या, फोन उचलायचे. याची गरज मी नाकारत नाही. औषध फार्मसीतून पलंगापर्यंत कसं पोहोचतं हे ठाऊक नसलेला क्लिनिकल फार्मासिस्ट अर्धाच. मध्यरात्री एकट्याने फार्मसी सांभाळल्याशिवाय जबाबदारी म्हणजे काय ते अंगात मुरत नाही, हे टीकाकारांचं म्हणणंही खरं. पण पहिल्या चार महिन्यांत जे शिकून होतं तेच पुढचे आठ महिने करवून घेतलं जातं, तेव्हा ते शिकवणं नसतं. तेव्हा रुग्णालय एक पद वाचवत असतं.

त्यातला पैशाचा भागही उघड बोलला जात नाही. मान्यताप्राप्त रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षाच्या खर्चातला आपला वाटा मेडिकेअर ही सरकारी योजना पात्र रुग्णालयांना देते, आणि तो शिक्षणाचा खर्च म्हणून देते. दुसऱ्या, विशेष वर्षासाठीची ही मदत ऑक्टोबर २००३ पासून बंद झाली. तेव्हापासून त्या वर्षाचं समर्थन करायला व्यवस्थापनापुढे जे कागद ठेवावे लागतात त्यांत 'रेसिडेंट किती काम उचलतो' हा रकाना आपोआप मोठा होत गेला. विभागप्रमुखांची यात कोंडी होते आणि ती मला समजते. पण ती कोंडी रेसिडेंटच्या स्वभावदोषावर ढकलणं हा कांगावा झाला. वर पुन्हा 'आम्ही सोसलं' आहेच. सासूचा जाच सोसलेली बाई सासू झाल्यावर तोच जाच घराण्याची रीत म्हणून पुढे चालवते, तसं हे चाललं आहे. सोसलेल्यांतले काही उत्तम निपजले म्हणून सोसण्यामुळे निपजले, असं होत नाही. जे मधेच सोडून गेले ते आज ही तक्रार करायला हजरच नाहीत.

कामाच्या तासांची गोष्ट जरा वेगळी आहे. अमेरिकेत या विषयाला तोंड फुटलं ते १९८४ च्या मार्चमध्ये, न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात लिबी झायन ही अठरा वर्षांची विद्यार्थिनी दाखल झाल्यावर काही तासांत दगावली तेव्हा. तिला पाहणारे शिकाऊ डॉक्टर थकलेले होते, वरिष्ठांची देखरेख फोनवरून होती, यावर रान उठलं. तिचे वडील पत्रकार होते, त्यांनी प्रकरण लावून धरलं. न्यूयॉर्क राज्याने १९८९ मध्ये आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली. २००३ मध्ये देशभरच्या वैद्यकीय रेसिडेन्सींना ती लागू झाली आणि एएसएचपीनेही फार्मसीसाठी तीच मर्यादा धरली. या कहाणीत फार्मासिस्टने थबकावं अशी एक गोष्ट आहे. ती मुलगी फेनेल्झिन हे नैराश्यावरचं औषध घेत होती आणि रुग्णालयात तिला पेथिडीन टोचलं गेलं. मृत्यूच्या नेमक्या कारणावर न्यायालयात बराच वाद झाला, पण या दोन औषधांचं एकमेकांशी हाडवैर आहे हे तेव्हाही ज्ञात होतं. तासांच्या वादातलं सर्वांत गाजलेलं प्रकरण अशा रीतीने औषधाच्या ऑर्डरपाशी येऊन ठेपतं. ती ऑर्डर तपासणाराही पेंगुळलेला असावा, असं कुणी म्हणेल काय?

अर्थात तासांबाबतचा पुरावा एकाच बाजूला झुकलेला नाही. २००४ साली बॉस्टनमधल्या अभ्यासात जुन्या, लांब पाळ्या करणाऱ्या इंटर्न डॉक्टरांकडून कमी तासांच्या वेळापत्रकापेक्षा ३५.९ टक्के जास्त गंभीर चुका झाल्याचं दिसलं. पुढे शल्यचिकित्सा आणि अंतर्वैद्यक शाखांत मोठ्या प्रमाणावर झालेल्या दोन चाचण्यांत पाळीच्या लांबीचे नियम सैल केल्याने रुग्णांचं नुकसान वाढल्याचं आढळलं नाही. त्यांतही ८० तासांची साप्ताहिक मर्यादा कायम होती, हे मात्र सांगताना गाळलं जातं. नुसते तास कापले की सगळं सुधारेल, असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. रेसिडेंटही सहसा तसं म्हणत नाहीत. त्यांची तक्रार असते ती दिवसभर फोन उचलून झाल्यावर संशोधन प्रकल्प, व्याख्यानाची तयारी आणि प्रिसेप्टरने मागितलेले लेख हे सगळं घरी, रात्री, तासांच्या हिशेबाबाहेर करावं लागण्याची.

आणि पाहुणचाराचं म्हणाल तर तो मागितला कुणी? रेसिडेंट थकले असं सर्वेक्षणात आलं की व्यवस्थापन पिझ्झा मागवतं, योगवर्ग ठेवतं, 'वेलनेस'चा एक महिना पाळतं. हे स्वस्तात होतं. आठवड्यातून दोन दुपारी प्रिसेप्टरला इतर कामातून मोकळं ठेवणं महाग पडतं. मागितला वेळ, मिळाला पिझ्झा, आणि मग तोच पिझ्झा दाखवून पोरं लाडावली म्हणायचं!

विरुद्ध बाजूचा एक मुद्दा मात्र खरोखर वजनदार आहे. शिकणाऱ्याला काय आवडतं यावरून तो काय शिकतो हे कळत नाही. विद्यार्थ्यांनी शिक्षकांना दिलेले गुण आणि विद्यार्थ्यांचं प्रत्यक्ष शिकणं यांत जवळजवळ काही संबंध सापडत नाही, असा निष्कर्ष २०१७ च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणातून निघाला आहे. गोड बोलणारा मार्गदर्शक लोकप्रिय होतो आणि खरडपट्टी काढणाऱ्याची आठवण दहा वर्षांनी येते, हा अनुभव शिकलेल्या प्रत्येकाला आहे. सत्राअखेरीच्या समाधानाच्या फॉर्मवर रेसिडेन्सी चालवायची म्हटली तर मीही विरोध करीन.

पण इथे समोर पहिल्या वर्षाचा विद्यार्थी नाही, परवानाधारक व्यावसायिक आहे. शिवाय तो आपलं मत बोलून दाखवतो त्याहून ठळकपणे करून दाखवतो. अमेरिकेत रेसिडेन्सीच्या जागा 'मॅच' पद्धतीने भरतात. उमेदवार कार्यक्रमांची पसंतीक्रमाने यादी देतो, कार्यक्रम उमेदवारांची, आणि संगणक दोन्ही याद्यांचा मेळ घालतो. लागलेला निकाल बांधील असतो. ही यादी लिहिताना माणूस आयुष्याचं एक वर्ष पणाला लावतो, आणि असं पणाला लावताना नुसत्या गोड बोलण्याला कुणी फार काळ भुलत नाही. यादीत शहर, जोडीदाराची नोकरी, आजारी आई-वडील हेही असतं. असू दे की! त्याने शिकण्याची ओढ उणावते असं मानायला मला काही आधार दिसत नाही.

या कुरबुरीला धार आत्ताच का चढली, याचंही कारण याच मॅचमध्ये आहे. २०१० नंतरच्या दशकात बराच काळ अर्जदारांतल्या साधारण एक तृतीयांश लोकांना जागाच मिळत नव्हती. रांग लांब असली की दाराशी उभ्या असलेल्याची पसंती कुणी विचारत नाही. पुढे फार्मसी महाविद्यालयांकडचे अर्ज घटले आणि अलीकडच्या वर्षांत रेसिडेन्सीच्या जागा रिकाम्या राहू लागल्या. उमेदवारांचे प्रश्न तेच आहेत, पूर्वी ते मनात राहत. आता त्यांना उत्तर द्यावं लागतं, हे काहींना झोंबतं आहे.

आता आपल्याकडे या. फार्मसी कौन्सिलने २००८ मध्ये फार्म.डी.चे नियम केले : सहा वर्षांचा अभ्यासक्रम, पाच वर्षं शिक्षण आणि सहावं वर्ष इंटर्नशिप किंवा रेसिडेन्सी. सहा महिने जनरल मेडिसिन, बाकी तीन विभागांत दोन-दोन महिने. नेमून दिलेल्या वॉर्डात विद्यार्थ्याने स्वतंत्रपणे क्लिनिकल फार्मसीची सेवा द्यावी, अशी अपेक्षा नियमातच लिहिली आहे. पुण्या-मुंबईकडची, विदर्भ-मराठवाड्यातली मुलं हा अभ्यासक्रम घेतात. काहींची नजर अमेरिकेवर असते, कारण २००३ पासून पुढे पदवी घेतलेल्या परदेशी फार्मासिस्टला तिथल्या समकक्षता परीक्षेसाठी किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो आणि आपला चार वर्षांचा बी.फार्म. त्यात बसत नाही. मग एक दिवस कुठल्याशा परिसंवादात ज्येष्ठ वक्ते सांगतात की या मुलांना फक्त नावामागे 'डॉ.' लावायचं आहे, विद्यावेतन हवं आहे, कष्ट नकोत.

विद्यावेतन हवं आहे, हे खरंच. सहाव्या वर्षीही महाविद्यालयाला फी भरणारे आणि वॉर्डात फुकट राबणारे इंटर्न शोधायला लांब जावं लागत नाही. अमेरिकेतल्या रेसिडेंटला निदान अर्ध्याहून कमी पगार तरी मिळतो. पण या मुलांशी थोडं बोललं की पैशाआधी दुसरंच निघतं. राउंडवर आम्ही शेवटच्या रांगेत, केसपेपर हातात घेतला तर सिस्टर ओरडतात, डॉक्टरांना आमचं काम काय ते ठाऊक नाही, आमचे सर कॉलेजात तास घेण्यात अडकलेले, वॉर्डात विचारायचं कुणाला? म्हणजे तिकडच्या रेसिडेंटच्या यादीत सगळ्यात वर जे असतं तेच : जाणता माणूस शेजारी हवा आणि निर्णयाच्या जागी पाय ठेवायला मिळावा. 'डॉ.'चा हव्यास दिसतो तोही पुष्कळदा त्यातूनच येतो. वॉर्डात दुसरी ओळख मिळाली नाही की माणूस नावामागच्या अक्षरांना धरून ठेवतो.

नियमांत तीनशे खाटांच्या रुग्णालयाची अट आहे, फार्मसी प्रॅक्टिस विभागाला दर विद्यार्थ्यामागे तीन चौरस मीटर जागेची अट आहे. तपासणीला आलेली समिती खाटा मोजू शकते, फरशीही मोजू शकते. मेडिसिनच्या वॉर्डात सकाळी इंटर्नच्या शेजारी कोण उभं होतं, किती वेळ होतं, इंटर्नने सुचवलेले किती बदल डॉक्टरांनी स्वीकारले, हे त्या मोजमापात येत नाही. ज्यांना या पिढीच्या वृत्तीवर बोलायचं आहे त्यांनी आधी आपल्या महाविद्यालयाच्या गेल्या वर्षभराच्या या तीन नोंदी मांडाव्यात. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. इंटर्नची रोजनिशी आणि खाली वॉर्डातल्या मार्गदर्शकाची रोजची सही, एवढ्यावर भागतं.